दिल्लीची अधिसूचना आणि नकालाचं बंदर

लातूर किंवा अकोल्याच्या बाजारात तुरीचे भाव विचारायला गेलात, तर देशी मालाच्या जोडीला आणखी काही नावं कानावर पडतात. बर्माची लेमन, मोझांबिकची गजरी, टांझानियाची मटवारा आणि अरुषा, मलावीची लाल, सुदानची. मटवारा हे टांझानियाच्या दक्षिण टोकाचं बंदर आणि अरुषा उत्तरेतला डोंगराळ भाग, हे सांगणाऱ्या अडत्याला कदाचित ठाऊक नसेल. पण तिथला माल न्हावा शेव्याला कधी लागणार, हे त्याला बरोबर माहीत असतं. आफ्रिकेची तूर साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरात इथं उतरते. आपली काढणी डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे यवतमाळच्या शेतात शेंग भरत असते तेव्हा मुंबईच्या गोदामात परदेशी पोती रचून झालेली असतात.

महाराष्ट्राचा आफ्रिकेशी आजचा सगळ्यात रोजचा संबंध हा असा वरणाच्या वाटीतून आहे. तरी मराठीत आफ्रिकेवर लेख आला, की तो बहुधा चीनवर असतो. चीननं बंदर बांधलं, चीननं खाण घेतली, भारत मागे पडला, आता आपण काय करायचं? चौपन्न देश, दीडशे कोटींच्या पुढे गेलेली लोकसंख्या, त्यातली निम्मी विशीच्या आतली, आणि हे सगळं आपल्या लेखी दोन पहिलवानांच्या कुस्तीचा आखाडा. आखाड्याला स्वतःचं मत असतं, ही कल्पनाच त्या मांडणीत बसत नाही.

माझ्या मते भारत आफ्रिकेत कमी पडतो तो पैशात नाही, भरवशात. आणि हा भरवसा राजदूतांच्या चुकीनं जात नाही. तो जातो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनांनी. त्या एका संध्याकाळी निघतात आणि लागलीच लागू होतात. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, याच अधिसूचनांनी विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरीही पोळतो. त्यामुळे ‘आफ्रिकेचं हित की आपलं हित’ हा वादच मुळात फसवा आहे.

तुरीचीच गोष्ट नीट पाहू. 2015 मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. सरकारची झोप उडाली. जुलै 2016 मध्ये पंतप्रधान मोदी मापुटोला गेले आणि मोझांबिकशी करार झाला: 2016-17 मध्ये एक लाख टन, आणि वाढवत वाढवत 2020-21 पर्यंत वर्षाला दोन लाख टन तूर भारत घेणार. इकडे देशातही तुरीचा हमीभाव बोनससह 5,050 रुपये केला, शेतकऱ्यांना तूर पेरा म्हणून सांगितलं. शेतकऱ्यांनी पेरली. पाऊसही बरा झाला. उत्पादन आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट झालं.

मग 2017 च्या उन्हाळ्यात जे झालं ते महाराष्ट्रात कोणी विसरलेलं नाही. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला म्हणून थांबलेली मापं, बाजार समितीच्या आवारात तुरीच्या ढिगावरच झोपणारी माणसं. बाहेर व्यापारी हमीभावाच्या हजार-हजार रुपये खाली मागत होते. एप्रिलच्या शेवटी केंद्रांवरची खरेदी थांबवली, ओरड झाल्यावर पुन्हा सुरू केली. जूनच्या पहिल्या तारखेला पुणतांब्याचा शेतकरी संप सुरू झाला, तेव्हा त्याच्यामागे या तुरीचाही राग होता.

ऑगस्टमध्ये केंद्रानं अधिसूचना काढली: तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा. मोझांबिकच्या करारातली तूर मर्यादेबाहेर ठेवली होती, म्हणजे कागदावर शब्द पाळला. पण तिथं तूर पेरतात नोव्हेंबर-डिसेंबरात आणि काढतात जुलै-ऑगस्टच्या सुमाराला. आपल्याकडे कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीचं तास असतं, तसं तिथं मक्यात. नांपुला आणि झांबेझिया प्रांतांतल्या शेतकऱ्यांनी 2016 चा करार ऐकून, भारताला तूर पाहिजे म्हणून, पेरा वाढवला होता. अधिसूचना निघाली तेव्हा त्यांची काढणी चालू होती. करारातल्या आकड्यापेक्षा पीक जास्त होतं आणि भारताखेरीज दुसरं मोठं गिऱ्हाईक जगात नाही. उत्तर मोझांबिकमध्ये ही तूर घरात फार थोडी खाल्ली जाते. ती पेरतात ती आपल्यासाठीच. टांझानियाचा तर करारही नव्हता. भाव असे कोसळले, की काही ठिकाणी काढणीची मजुरीही सुटेना.

एकच धोरण, आणि त्याच वर्षी ते दोन खंडांतल्या दोन कोरडवाहू शेतकऱ्यांच्या अंगावर गेलं. पुढे काटा उलट फिरला. मे 2021 मध्ये तुरीची आयात पुन्हा मोकळी केली आणि ती सवलत वर्षामागून वर्ष वाढवत नेली. 2024-25 मध्ये बारा लाख टनांच्या वर तूर बाहेरून आली, तोवरचा उच्चांक. 2025 च्या सुरुवातीला आपली नवी तूर बाजारात आली तेव्हा अनेक बाजार समित्यांत भाव 7,550 च्या हमीभावाखाली होता. पेरायच्या वेळी वेगळा भाव, काढायच्या वेळी वेगळा नियम. यात शहरातल्या गिऱ्हाइकाची डाळ चार-सहा महिने स्वस्त राहिली, हे खरं. पण पुढच्या हंगामात शेतकऱ्यानं तुरीऐवजी दुसरं काही पेरलं, की तीच डाळ पुन्हा महाग होते आणि पुन्हा एक अधिसूचना निघते.

दरम्यान तिकडच्या व्यापाऱ्यांनीही धडा घेतला. 2023 च्या अखेरीस, भारतात तूर कडाडलेली असताना, मोझांबिकच्या नकाला बंदरात निर्यातदारांच्या आपसातल्या कोर्टकज्ज्यांमुळे मालाची कंटेनर अडकून पडली आणि आपले आयातदार दिल्लीत दाद मागत फिरले. भारत अडला की तो भाव देतो आणि अडला नाही की तोंड फिरवतो, हे ज्याला कळलं आहे तो अडलेल्या गिऱ्हाइकाशी कसा वागणार?

मोझांबिकला हा अनुभव नवा नाही. काजूचा इतिहास तिथं अजून जिवंत आहे, आणि त्यात आपलं कोकण-गोवं आडून का होईना, आहेच. पोर्तुगीजांनी काजूचं झाड ब्राझीलहून आणलं आणि गोवा व मोझांबिक या दोन्ही किनाऱ्यांवर रुजवलं. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातूनच चालायचा. बार्देशात जन्मलेले आक्विनो द ब्रागांसा पुढे मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यातले एक महत्त्वाचे विचारवंत झाले आणि 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्याबरोबर त्याच विमान अपघातात गेले. आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला माहीत नाही; मापुटोत ते मानानं घेतात.

तर काजू. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक हा जगातला सर्वात मोठा काजू उत्पादक होता आणि बी फोडून गर काढायचे कारखानेही तिथंच होते. 1975 मध्ये स्वातंत्र्य मिळालं, मग यादवी पेटली ती 1992 पर्यंत चालली. ती संपून देश जरा सावरतोय तोवर जागतिक बँकेनं कर्जाची अट घातली: कच्च्या काजूवरचा निर्यात कर कमी करा. तर्क असा, की कर गेला की शेतकऱ्याला बीचा भाव जास्त मिळेल. पुस्तकात हा तर्क चोख बसतो. कच्ची बी भारतात येऊ लागली, मोझांबिकचे मोठे कारखाने एकामागून एक बंद पडले, हजारो कामगार घरी बसले आणि त्यांत बायका खूप होत्या. शेतकऱ्याला मिळायचा तो वाढीव भाव बहुतांशी मधल्या व्यापाऱ्यांनीच खाल्ला. शेवटी मोझांबिकच्या संसदेनं बँकेचं न ऐकता कर पुन्हा वाढवला. नांपुलात नव्यानं लहान कारखाने उभे राहिले. पण गमावलेली वर्षं गेली ती गेलीच.

त्या बीचा मोठा हिस्सा कोल्लमच्या कारखान्यांत गेला, काही गोवा-सिंधुदुर्गातही येतो. आणि इथं वेंगुर्ल्या-सावंतवाडीचा बागायतदार म्हणतो, की आफ्रिकेच्या स्वस्त बीमुळे आमच्या बीला दर नाही, आयात शुल्क वाढवा. त्याचंही चूक नाही. कारखानदार म्हणतो, शुल्क वाढवलं तर कारखाना बंद. त्याचंही चूक नाही. मात्र या भांडणात तिसरा माणूस आपण कधी मोजतच नाही. बी पिकवणाऱ्या देशाला ती कच्ची विकायचीच नसेल तर?

आता तेच होऊ लागलं आहे. बेनिननं एप्रिल 2024 पासून कच्च्या काजूची निर्यात बंद केली. झिंबाब्वेनं 2022 च्या डिसेंबरात कच्च्या लिथियम खनिजाची निर्यात रोखली, नामिबियानं 2023 मध्ये. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास ज्या एका देशातून येतं, त्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकानं 2025 च्या फेब्रुवारीत निर्यातच थांबवली आणि पुढे कोटा लावला. बोट्स्वानानं हे फार आधी आणि फार शांतपणे केलं. 1966 मध्ये स्वतंत्र होताना जगातल्या अगदी गरीब देशांत मोडणाऱ्या या देशानं, हिरे सापडल्यावर कंपनीशी भागीदारीचा हिशेब वर्षानुवर्षं घासून घेतला. 2013 मध्ये तर त्या कंपनीचं, म्हणजे डी बिअर्सचं, कच्च्या हिऱ्यांच्या विक्रीचं काम लंडनहून गॅबरोनला आणायला लावलं. आज सुरतेच्या कारखानदाराला आणि बीकेसीतल्या हिरे बाजाराला खरेदीसाठी तिकडे बघावं लागतं.

सगळ्यांना हे जमेल असं नाही. कारखान्याला वीज लागते, रस्ते लागतात, आणि निर्यातबंदीचा पहिला फटका पुष्कळदा स्वतःच्याच शेतकऱ्याला बसतो. मोझांबिकच्या उत्तरेला काबो देल्गादोत 2017 पासून सशस्त्र बंड चालू आहे. तिथल्या समुद्रातल्या गॅसमध्ये आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून तीस टक्के वाटा आहे आणि 2021 च्या तिथल्या पाल्मा गावावरच्या हल्ल्यानंतर ते काम कित्येक वर्षं ठप्प राहिलं. गॅस निघणार पण आपल्याला काय मिळणार, असा राग ज्या तरुणांच्या मनात आहे त्यांच्या दारातून ती पाइपलाइन जाते. कच्चा माल उचलायचा आणि निघायचं, या व्यवहाराची किंमत आता कंपन्याही मोजताहेत. सरकारं कमकुवत असोत, भ्रष्ट असोत की चांगली असोत, ‘आमचा माल आमच्याकडे तयार होऊ दे’ ही मागणी आता त्या खंडात कुठल्याही पक्षाला सोडता येणार नाही.

भारताकडे या सगळ्यात एक मोठी ठेव होती. 2001 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लानं एड्सवरच्या तीन औषधांचा एकत्रित उपचार एका रुग्णामागे वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. पाश्चात्त्य कंपन्यांचा त्या वेळचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. त्या घोषणेनं जगभरातल्या औषधांच्या किमतीचा तळ हलला. दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेत आज जी पिढी चाळिशी-पन्नाशीत आहे, तिच्यातली कित्येक माणसं भारतीय गोळ्यांवर जगली. कुठल्याही शिखर परिषदेतल्या भाषणापेक्षा हे मोठं आहे.

वीस वर्षांनी पुण्यानं तेच करायचं होतं. गरीब देशांना लस पोचवणाऱ्या कोव्हॅक्स योजनेत आफ्रिकेला जाणाऱ्या लसींची मोठी भिस्त सीरम इन्स्टिट्यूटवर होती. मार्च-एप्रिल 2021 मध्ये आपल्याकडे दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. त्या वेळी ती थांबवणं मला आजही चूक वाटत नाही. स्मशानाबाहेर रांगा लागलेल्या असताना कुठलंही सरकार दुसरं काही करू शकलं नसतं. पण कोव्हॅक्सचा पुरवठा पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. लाट तर जून-जुलैतच ओसरली होती. त्या वर्षाअखेरीला आफ्रिकेतल्या दहा टक्के लोकांचंही लसीकरण पूर्ण झालेलं नव्हतं. आणीबाणीत हात आखडला हे लोक समजून घेतात. आणीबाणी सरल्यावरही तो आखडलेलाच राहिला, आणि कधी उघडणार ते सांगितलं नाही, हे समजून घेत नाहीत. त्याच काळात आफ्रिका सीडीसी या आफ्रिकी महासंघाच्या आरोग्य संस्थेनं 2040 पर्यंत खंडाला लागणाऱ्या लसींपैकी साठ टक्के खंडातच बनवायचं उद्दिष्ट जाहीर केलं. पुण्यासाठी हा इशारा आहे, आणि संधीही.

तांदळाचं तर विचारूच नका. जगाच्या तांदूळ व्यापारात चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या भारताचा. सप्टेंबर 2022 मध्ये आपण तुकडा तांदळाची निर्यात बंद केली, जुलै 2023 मध्ये बासमती सोडून बाकी पांढऱ्या तांदळाची. आपल्याकडे कणी म्हणून बाजूला काढतो तो तुकडा तांदूळ सेनेगलमध्ये आवडीनं खातात. फ्रेंचांनी आपल्या इंडोचायना वसाहतीतून स्वस्तातला तुकडा आणून तिथं खपवला आणि लोकांना त्याचीच चव लागली. मासे, भाज्या आणि तुकडा तांदूळ एकाच मोठ्या थाळ्यात घेऊन घरची सगळी माणसं भोवती बसतात, ते थिएबु जेन हे त्यांचं राष्ट्रीय जेवण. हा तांदूळ भारतातून जायचा. डाकारच्या बाईला दिल्लीतल्या महागाईच्या निर्देशांकाशी काय देणंघेणं? तिला एवढंच कळलं, की पोतं महागलं. पुढे ठरलं ते असं, की ज्या देशाला तांदूळ हवा त्यानं भारत सरकारकडे विनंती करावी आणि दिल्लीनं मेहेरबानी म्हणून कोटा सोडावा. बंदी उठली सप्टेंबर 2024 मध्ये, तुकड्यावरची 2025 मध्ये.

आणि हे कधी चाललं होतं? सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीत जी-20 भरली होती, आफ्रिकी महासंघाला तिथं कायम सदस्यत्व मिळालं, त्याचं श्रेय भारतानं घेतलं आणि ते घेण्याजोगंच होतं. पण ‘ग्लोबल साउथचा आवाज’ म्हणून मिरवायचं आणि त्याच महिन्यात त्या साउथच्या ताटातला भात अडवून ठेवायचा, याला आपल्याकडे बोलाचीच कढी म्हणतात.

चीनचा विषय टाळता येणार नाही, म्हणून थोडक्यात. चीनचा आफ्रिकेशी व्यापार 2024 मध्ये तीनशे अब्ज डॉलरच्या जवळ होता, आपला शंभर अब्जांच्या आत-बाहेर घुटमळतो. चीननं 1970 ते 1975 मध्ये दार-एस-सलाम ते झांबिया अशी 1,860 किलोमीटरची रेल्वे बिनव्याजी कर्जानं बांधून दिली, स्वतः दरिद्री असताना. मोम्बासा-नैरोबी रेल्वे 2017 मध्ये सुरू केली, तिचं कर्ज केनियाच्या उरावर बसलं आहे आणि तो लोहमार्ग अजून युगांडाच्या सीमेपर्यंत पोचलेला नाही. चीन काही धर्मादाय करत नाही. पण त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याला पुढच्या वर्षी काय होणार याचा अंदाज असतो. पैशाच्या थैलीत आपण त्याला गाठू शकत नाही. गाठायची गरजही नाही. फ्रान्सकडे साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या पट्ट्यात, पैसा, सैन्य आणि त्याच्या छत्राखालचं चलन सगळं होतं, तरी माली, बुर्किना फासो, नायजर, चाड इथून त्याचं सैन्य 2022 ते 2025 दरम्यान निघालं. सत्तेवर आलेले लष्करशहा काही देवदूत नाहीत. पण फ्रेंच गाड्या जाताना रस्त्यावर जल्लोष झाला, तो भाड्यानं आणलेला नव्हता.

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: सरकार आपल्या मतदाराला बांधलेलं असतं, सेनेगलच्या नाही. डाळ महागली तर मत इथं जातं. घरचं सोडून परक्याचं बघणारा राज्यकर्ता टिकत नाही. मान्य. मी निर्यातबंदी कधीच करू नये असं म्हणत नाही, आयात मोकळी सोडा असंही नाही. प्रश्न वेळेचा आणि पद्धतीचा आहे. सगळे दरवाजे पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद, आणि तेही आगाऊ सूचना न देता, या तऱ्हेनं मतदाराचंही भलं होत नाही. 2017 मधल्या बारदान्याच्या रांगेत उभा असलेला माणूसही मतदारच होता.

तुरीपुरतं बोलायचं तर उपाय काही अवघड नाही. आयात शुल्क हमीभावाशी बांधा. देशातला बाजारभाव हमीभावाखाली गेला की शुल्क आपोआप चढेल, वर गेला की उतरेल, आणि हे कोष्टक मेमध्ये, खरिपाच्या पेरणीआधी जाहीर करा, पुढच्या वर्षाच्या मेपर्यंत हात लावू नका. नांपुलातला शेतकरी नोव्हेंबरात पेरताना तेच कोष्टक पाहील. मोझांबिकशी वर्षाला दोन लाख टनांचा आणि मलावीशी पन्नास हजार टनांचा असे जे करार 2025-26 पर्यंत होते, त्यांत फक्त टनांचा आकडा होता. नव्या करारात किमान भाव घाला, महिना घाला. त्यांची तूर आपली काढणी सुरू व्हायच्या आधी विकून संपली पाहिजे, ही अट आपल्या शेतकऱ्याच्या सोयीची आहे आणि त्यांना ती जाचक नाही, कारण माल त्यांच्याकडे तयार असतो जुलै-ऑगस्टमध्येच.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. तूर तिथंच भरडू द्यायला हवी. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं बचत गटांना परवडेल अशी मिनी डाळ मिल कधीच तयार केली आहे. विदर्भातल्या किती गावांत ती चालते! पूर्व आफ्रिकेत पिकणाऱ्या तुरीचे कित्येक वाण हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या संस्थेच्या संशोधनातून आले आहेत, मग गिरणी का जाऊ नये? नांपुलात दोन-चारशे अशा गिरण्या लागल्या, त्या बसवायला आणि दुरुस्तीला अकोल्या-अमरावतीची पोरं गेली, तर त्यातून जो संबंध उभा राहील तो कर्जाच्या कुठल्याही रकमेनं उभा राहणार नाही. केनियाच्या किनाऱ्यावर सकाळच्या न्याहारीला नारळाच्या दुधातली तूर खातात. स्थानिक बाजार अगदीच नाही असंही नाही. चुणी-भुसा तिथल्या जनावरांना राहील.

इथं कोणी म्हणेल, की ज्या पुण्यात आफ्रिकी विद्यार्थ्याला भाड्यानं खोली मिळवताना दहा दारं वाजवावी लागतात, त्या राज्यानं संबंध उभारायच्या गोष्टी कराव्यात का? प्रश्न रास्त आहे. इथं शिकून गेलेला टांझानियाचा किंवा सुदानचा मुलगा उद्या तिकडे खात्याचा सचिव होतो, आणि त्याला पुणं आठवतं ते घरमालकाच्या नजरेसकट. जंजिरा आणि मलिक अंबर पाठ्यपुस्तकात असलेल्या महाराष्ट्राला हे शोभत नाही, पण त्यासाठी अधिसूचना लागत नाही, त्यामुळे ते सुधारायला दिल्लीची वाट पाहायचंही कारण नाही.

भारत-आफ्रिका शिखर परिषद 2008 मध्ये झाली, 2011 मध्ये झाली, 2015 मध्ये तर सगळ्या खंडाचे प्रतिनिधी दिल्लीत आले. त्यानंतर दहा वर्षांहून मोठा खंड पडला. परिषदा भरल्या की पतपुरवठ्याचे आकडे जाहीर होतात, फोटो निघतात. तिथं एकदा तरी वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार खात्यांच्या सचिवांना पुढच्या रांगेत बसवावं आणि तूर, तांदूळ, काजू, लस या चारच गोष्टींवर पाच वर्षांचं लेखी वेळापत्रक द्यावं: काय कधी बंद होऊ शकतं, किती दिवस आधी सांगू, आधीच ठरलेल्या सौद्यांचं काय करू. वाटेत असलेलं जहाज अडवणार नाही, एवढं एक कलम असलं तरी डाकार आणि मापुटोतले आयातदार-निर्यातदार ते चौकट करून लावतील.

डाळ तिथं भरडण्याला खरा विरोध दिल्लीतून होणार नाही, तो लातुरातून होईल. तिथल्या डाळ मिलचालकांना कच्ची तूर हवी असते, तयार डाळ नको. आयात तुरीवर त्यांच्या मिल देशी हंगाम नसतानाही चालतात, त्यांवर हमाल-कामगारांची घरं चालतात. त्यांना सांगावं लागेल, की कच्चा माल कायम कच्चाच मिळत राहील हा भरवसा आता बेनिनच्या काजूवाल्यालाही राहिलेला नाही. नकालाची वेळ यायच्या आधी आपणच तिथं भागीदारीत मिल काढलेली बरी. ते ऐकतील असं नाही. त्यांचे प्रतिनिधी मुंबईत-दिल्लीत वजन राखून आहेत. पण हे भांडण लातुरात उघड्यावर व्हावं, बाजार समितीच्या आवारात, शेतकरी समोर बसलेला असताना. आजवर ते त्याच्या आणि नांपुलाच्या शेतकऱ्याच्या अपरोक्ष होत आलं आहे.